फाटकावरची नोंद आणि फाटकावरचे नियंत्रण : अभ्यागत-प्रवेश प्रणालीचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या गृहसंकुलाच्या मुख्य फाटकावर बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवेशासाठी मोबाइल ॲपवर चालणारी प्रणाली बसवली, त्याला आता चौदा महिने झाले. कराराच्या नूतनीकरणाचा विषय पुढच्या सभेत यायचा आहे आणि त्याआधी प्रणालीचा आढावा घेण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. या प्रकारच्या बहुतेक प्रणालींची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि इथे सांगितलेले गुणदोष दुसऱ्या संकुलालाही निवड करताना उपयोगी पडावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

आढावा घेताना मी एकच कसोटी लावली. माणूस आत आल्याची नोंद होणे वेगळे आणि त्याच्या येण्यावर आपले नियंत्रण असणे वेगळे. प्रणाली विकायला येणारे प्रतिनिधी या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, पडद्यावर छायाचित्रासह उमटलेली नोंद पाहून आपल्यालाही सगळे ताब्यात असल्यासारखे वाटते, आणि मग नेमका कोणता प्रश्न सुटला आणि कोणता तसाच राहिला हे विचारायचे राहून जाते.

आधीची पद्धत कशी होती ते सांगणे न्याय्य ठरेल. फाटकावरच्या चौकीत जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही असे आणि तिला सुतळीने पेन बांधलेले असे. येणाऱ्याने नाव, मोबाइल क्रमांक, कोणाकडे जायचे, वेळ आणि सही एवढे लिहायचे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वेळेच्या रकान्यात वरच्या ओळीखाली दोन टिंबे ओढलेली असत, कामाच्या रकान्यात ‘पर्सनल’ लिहिलेले असे आणि नावे अशा अक्षरात असत की लिहिणाऱ्यालाही ती पुन्हा वाचता आली नसती. त्याहून गंभीर बाब म्हणजे वही उघडीच पडलेली असल्याने नंतर येणारा कोणीही आधीच्या वीसजणांचे मोबाइल क्रमांक निवांत उतरवून नेऊ शकत होता. कोणत्या फ्लॅटमध्ये रोज कोण येते आणि कोणत्या घरी आठवडाभर कोणीच आलेले नाही, हेही त्या वहीत कोणालाही वाचता येत होते. ही वही गेली याचे मला मनापासून समाधान आहे आणि पुढे कितीही तक्रारी केल्या तरी ते समाधान कमी होत नाही.

नवी पद्धत अशी आहे. आपल्याकडे कोणी येणार असेल तर आपण ॲपमध्ये आधीच नाव, दिवस आणि वेळ भरून ठेवतो, पाहुण्याला एक संकेतांक जातो, तो त्याने फाटकावर सांगितला की सुरक्षारक्षक टॅबलेटवर टाकतो आणि प्रवेश मिळतो. आगाऊ सूचना नसेल तर रक्षक येणाऱ्याचे छायाचित्र काढून फ्लॅट क्रमांक निवडतो, आपल्या फोनवर विचारणा येते आणि आपण होकार किंवा नकार देतो. उत्तर आले नाही तर ॲप दुसऱ्या सदस्याला विचारते, त्यानंतर फोन जातो आणि शेवटी इंटरकॉम उरतो.

यातला आगाऊ मंजुरीचा भाग मला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यात निर्णय घाईत होत नाही. घरी बसून, कोण येणार आहे हे माहीत असताना आपण परवानगी देतो आणि पाहुण्यालाही फाटकावर तिष्ठत राहावे लागत नाही. मात्र संकेतांकाच्या रचनेकडे आम्ही सुरुवातीला लक्ष दिले नाही आणि ती चूक होती. आम्हाला मिळालेला संकेतांक चार अंकी होता, म्हणजे एकूण १०,००० शक्यता. सणासुदीच्या किंवा सुट्टीच्या संध्याकाळी संकुलात एकाच वेळी ५० संकेतांक चालू आहेत असे धरले, तर डोळे मिटून सांगितलेला कोणताही आकडा लागू पडण्याची शक्यता २०० त एक होते. चुकीचा आकडा किती वेळा सांगता येईल यावर बंधन नसेल, तर हे कुलूप फार तकलादू ठरते. तोच संकेतांक सहा अंकी केला की शक्यता १० लाख होतात आणि प्रमाण २०,००० त एक इतके खाली येते. आम्ही लेखी मागणी केल्यावर कंपनीने सहा अंक दिले, तीन चुकांनंतर रक्षकाने घरी फोन करावा अशी सूचना पडद्यावर आणली आणि संकेतांकासोबत फ्लॅट क्रमांक सांगणेही आवश्यक केले. या तिन्ही सुधारणा पहिल्या दिवसापासून असायला हव्या होत्या. तुम्ही प्रणाली निवडत असाल तर प्रात्यक्षिकाच्या वेळीच मुद्दाम चुकीचे आकडे सांगून पाहा.

संकेतांकाऐवजी क्यूआर कोड पाठवण्याचीही सोय आहे. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झालेले हे चिन्ह फाटकावर फार जलद चालते, पण कोड स्थिर असेल तर त्याचे छायाचित्र दहाजणांना पाठवता येते. एकदा वापरल्यावर बाद होणारा किंवा ठरावीक सेकंदांनी बदलणारा कोडच इथे कामाचा आहे. पाहुण्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवून खात्री करण्याबद्दलही थोडा गैरसमज आहे. ओटीपी बरोबर आला याचा अर्थ तो क्रमांक त्या क्षणी त्या माणसाच्या हाताशी आहे, इतकाच. त्याने सांगितलेले नाव खरे आहे किंवा त्याचे काम खरे आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता विनासूचना येणाऱ्यांबद्दल, कारण नोंद आणि नियंत्रण यांतले अंतर इथे सर्वाधिक दिसते. एका संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत मी चौकीशेजारी उभी राहून काम पाहिले. माल पोहोचवणाऱ्या मुलांची रांग लागली होती आणि एकाने बी-३०४ सांगितले की डी-३०४, हे गाड्यांच्या आवाजात रक्षकाला नीट ऐकू आले नाही. त्याने बी निवडले. बी-३०४ मधल्या काकूंच्या फोनवर विचारणा गेली आणि चार-पाच सेकंदांत होकार आला. तो मुलगा डी विंगकडे निघून गेला, पार्सल योग्य घरी पोहोचले आणि कोणाच्याही लक्षात काही आले नाही. मी दुसऱ्या दिवशी काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, दिवसातून दहा वेळा वाजतं ते. मला वाटलं, माझंच काहीतरी आलं असेल.”

मी काकूंना दोष देत नाही. प्रत्येक पार्सलसाठी, प्रत्येक भाजीच्या पिशवीसाठी, घरातल्या तिन्ही फोनांवर विचारणा येत राहिली की माणूस न वाचताच होकाराचे बटण दाबू लागतो. त्या दिवशी प्रणालीत नोंद झाली, छायाचित्र आले, वेळ आली, मंजुरी देणाऱ्याचे नावही आले. फक्त ज्या घरी माणूस जात होता त्या घराला विचारले गेले नाही. कागदावर ही नोंद परिपूर्ण आहे. आम्ही यावर उपाय म्हणून विचारणेत फ्लॅट क्रमांक आणि येणाऱ्याचे छायाचित्र मोठे दिसावे, अशी मागणी केली आणि ज्यांना माल दारापर्यंत नको आहे त्यांच्यासाठी फाटकाजवळ कपाटांची सोय केली. या कपाटांमुळे विचारणाच कमी झाल्या, आणि माझ्या मते ॲपमधल्या कोणत्याही बदलापेक्षा याच साध्या उपायाने होकाराला पुन्हा थोडा अर्थ आला.

विचारणा उशिरा पोहोचण्याचा त्रासही आहे. पुष्कळ फोनांमध्ये बॅटरी वाचवण्याची व्यवस्था मागे चालणाऱ्या ॲपना झोपवून ठेवते आणि सूचना काही मिनिटांनी येते. तोवर पाहुणा उन्हात उभा असतो आणि रक्षकाला बोलणी खावी लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे लागते. हे कंपनीने कोणालाही सांगितले नव्हते; आमच्या इमारतीतल्या कॉलेजच्या दोन मुलांनी घरोघरी जाऊन ते करून दिले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो वापरायचा नाही, अशा ज्येष्ठांसाठी इंटरकॉम कायम चालू ठेवणे भाग आहे. ‘सगळे ॲपवर आले’ म्हणून इंटरकॉमचा देखभाल-करार बंद करण्याचा प्रस्ताव मध्यंतरी आला होता. तो मंजूर झाला नाही, हे बरे झाले.

मला सर्वांत मोठा दोष वाटतो तो बाहेर जाण्याच्या नोंदीचा. येणाऱ्याला थांबवून विचारले जाते, पण जाणारा सरळ निघून जातो. त्याची नोंद व्हायची तर रक्षकाने यादीतून नाव शोधून ‘बाहेर गेला’ असे दाबावे लागते, आणि गर्दीत हे होत नाही. त्यामुळे कंपनी ज्याला ‘सध्या आत असलेले अभ्यागत’ म्हणते ती यादी दिवसभर फुगत जाते. मी एका रात्री अकरा वाजता ती यादी काढून घेतली. तिच्यात सकाळी दूध देऊन गेलेला माणूस आत होता, दुपारी गळका नळ दुरुस्त करून गेलेला प्लंबर आत होता आणि पार्सल देऊन दोन मिनिटांत परतलेली कितीतरी मुले आत होती. मध्यरात्री ही यादी आपोआप कोरी होते, म्हणजे जो खरोखरच आत राहिला असेल तोही यादीतून पुसला जातो.

हा दोष किरकोळ नाही. रात्री एखाद्या मजल्यावर आग लागली तर अग्निशमन दलाचा पहिला प्रश्न असतो की आत कोण अडकले आहे. त्या वेळी ही यादी हातात दिली तर जे केव्हाच निघून गेले त्यांचा शोध घेण्यात जवानांचा वेळ आणि जीव धोक्यात पडेल. चोरीच्या तपासातही अमुक माणूस किती वाजता बाहेर पडला, हे आत येण्याच्या वेळेइतकेच महत्त्वाचे असते. बाहेर पडताना तोच संकेतांक किंवा कोड पुन्हा दाखवावा लागेल अशी सोय असेल, तरच आतल्या माणसांच्या यादीला अर्थ आहे. ती सोय नसलेल्या प्रणालीने असा रकाना दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चुकीची यादी ही यादी नसण्यापेक्षा जास्त घातक असते.

वाहनांच्या बाबतीत काम पुष्कळ चांगले झाले आहे. रहिवाशांच्या गाड्यांच्या काचेवर लावलेले टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरींवर चालतात, त्यांना बॅटरी लागत नाही आणि काही मीटर अंतरावरून ते वाचले जातात. मात्र वाचकयंत्राचा कोन चुकला तर रांगेतल्या दुसऱ्या गाडीचा टॅग आधी वाचला जातो आणि पहिल्या, अनोळखी गाडीसाठी दांडा उचलला जातो. आमच्याकडे हे दोनदा झाले. तंत्रज्ञाने यंत्र थोडे खाली झुकवून शक्ती कमी केल्यावर ते थांबले. दांडा खाली येताना गाडीवर पडू नये म्हणून रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याने वरची गाडी ओळखली जाते, पण दुचाकीत धातू कमी असल्याने ती नेहमीच ओळखली जाईल असे नाही. म्हणून बाजूला प्रकाशकिरणाचा संवेदकही हवा आणि दुचाकींना शक्यतो वेगळी वाट हवी. पुढच्या गाडीला चिकटून मागची गाडी आत काढण्याचा प्रकार कोणत्याही टॅगने थांबत नाही. तिथे रक्षकाची नजरच लागते.

पायी येणाऱ्या रहिवाशांच्या छोट्या दाराला कार्ड आहे. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी कार्डे एक ठरलेला क्रमांक उघडपणे सांगतात आणि त्यांची नक्कल सहज होते. १९९४ पासून जगभर पसरलेल्या मायफेअर क्लासिक या प्रकारच्या कार्डांचे कूटलेखन, म्हणजे माहिती गुप्त संकेतांत लपवण्याची पद्धत, तर २००८ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवले आहे. एईएस या अधिक भक्कम पद्धतीचे कूटलेखन असलेली कार्डे मिळतात, तीच मागावीत. आम्हाला आधी जुनीच दिली होती आणि विचारल्यावर बदलून मिळाली.

वीज आणि नेट जाण्याची तयारी कंपनीने केलेली होती असे करारात म्हटले होते. एका पावसाळी रात्री नेट दोन तास बंद पडले तेव्हा टॅबलेटवर आगाऊ मंजुरीची यादीही उघडेना. रक्षकांनी कोपऱ्यातली जुनी वही काढली, ओल्या हातांनी नावे लिहून घेतली, इंटरकॉमवर विचारले आणि काम निभावले. त्या दोन तासांच्या नोंदी नंतर प्रणालीत कोणीही भरल्या नाहीत, त्यामुळे आजही अहवालात त्या रात्री कोणीच आले नाही असे दिसते. दिवसाची मंजूर यादी टॅबलेटमध्येच साठवलेली असली पाहिजे आणि नेट आल्यावर नोंदी आपोआप वर गेल्या पाहिजेत. प्रात्यक्षिकाच्या वेळी टॅबलेटचे नेट बंद करायला सांगा आणि काय होते ते स्वतः पाहा. विजेबद्दलही हेच. चुंबकीय कुलूप वीज गेली की उघडते, आगीच्या वेळी ते तसेच हवे, पण मग त्या दाराशी वीज गेल्यावर कोण उभे राहणार हे आधी ठरलेले असावे. दांडा हाताने उचलण्याची किल्ली चौकीतच असावी आणि प्रत्येक पाळीतल्या माणसाला ती वापरता यावी. रुग्णवाहिका आली की फ्लॅट क्रमांकासाठी तिला थांबवू नये. दांडा आधी, नोंद नंतर. आमच्याकडे सुरुवातीला रक्षक गाडी थांबवून क्रमांक विचारत, कारण पडद्यावर दुसरा मार्गच नव्हता. आता ‘तातडी’ असे लाल बटण आहे.

घरकामाला येणाऱ्या बायका, चालक, माळी यांच्यासाठी रोजचा कायम संकेतांक असतो आणि त्या आल्या की घरी सूचना येते. ही सोय सर्वांना आवडली. लहान मूल एकटे फाटकाबाहेर जाऊ लागले तर पालकांना विचारण्याची सोयही मला फार मोलाची वाटते. पण याच भागात एक गोष्ट मला खटकते आणि ती मी सभेतही मांडणार आहे. या ॲपमध्ये रहिवासी घरकाम करणाऱ्या बाईला तारे देऊ शकतात, शेरे लिहू शकतात आणि ते संकुलातल्या सर्वांना दिसतात. ज्या बाईबद्दल ते लिहिले आहे तिला मात्र ते दिसत नाहीत, उत्तर देण्याची सोय नाही आणि कोणी रागाच्या भरात लिहिलेले वाक्य तिच्या नावापुढे वर्षभर राहते. आमच्याकडे काम करणाऱ्या एका ताईंना दोन घरांनी काम नाकारले, तेव्हा कुठे त्यांना कळले की आपल्याबद्दल काहीतरी लिहिलेले आहे. फाटकावरून कोण येते-जाते हे पाहण्यासाठी घेतलेल्या साधनाचा लोकांच्या पोटापाण्याशी असा संबंध जोडला जाणे मला मुळीच मान्य नाही. ही सोय संकुलापुरती बंद करता येते. आम्ही ती बंद करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

माहिती साठवण्याबद्दलही कंपनीची उत्तरे समाधानकारक नव्हती. पाहुण्यांची छायाचित्रे आणि क्रमांक किती दिवस ठेवले जातात, असे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा ‘सर्व माहिती सुरक्षित आहे’ एवढेच उत्तर आले. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहितीसंरक्षण नियमांत हे तत्त्व स्पष्ट आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याला जेवढी लागते तेवढीच घ्यावी आणि जरुरीपुरताच काळ ठेवावी. कायदा कोणताही लागू असो, फाटकावर छायाचित्र देणाऱ्या पाहुण्याचा तेवढा हक्क आहे असे मी मानते. त्याला तर नाही म्हणण्याचीही सोय नसते. तीन महिन्यांनी नोंदी पुसल्या जाव्यात, तपासासाठी लागल्यास कार्यकारिणीच्या दोन सदस्यांच्या लेखी मंजुरीनेच उघडाव्यात आणि करार संपल्यावर माहिती आम्हाला देऊन कंपनीने स्वतःकडची पुसावी, अशी कलमे आम्ही नव्या मसुद्यात घातली आहेत.

शेवटी रक्षकांबद्दल. त्यांना प्रशिक्षण म्हणून अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक मिळाले, आणि एजन्सी दर काही महिन्यांनी माणसे बदलत असल्याने आज चौकीत असलेल्यांपैकी बहुतेकांना तेवढेही मिळालेले नाही. पडद्यावरची अक्षरे बारीक आहेत, संध्याकाळी सूर्य समोर असताना छायाचित्रात येणाऱ्याचा चेहरा काळाच दिसतो आणि पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. आमच्या रात्रपाळीचे जुने काका चेहऱ्याने माणूस ओळखत आणि बोलण्यातली अडखळ हेरत. आता त्यांची मान टॅबलेटवर झुकलेली असते. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, आधी माणसाकडे बघायचो, आता फोटो नीट आला का ते बघतो.” चौकीवर छप्पर वाढवणे, टॅबलेट सावलीच्या बाजूला वळवणे आणि गर्दीच्या दोन तासांत दुसरा माणूस देणे, ही कामे आम्ही केली. त्यानंतर एकजण टॅबलेट सांभाळतो आणि दुसरा येणाऱ्यांशी बोलतो. संशयास्पद वाटलेल्या माणसाला होकार आलेला असतानाही थांबवून पुन्हा फोन करण्याची मुभा रक्षकाला लेखी दिली आहे.

पाचपैकी मी या प्रणालीला तीन गुण देते. नूतनीकरणाला माझा होकार आहे, पण तो एका वर्षासाठी आणि बाहेर जाण्याची नोंद, नेटशिवाय चालणारी यादी व माहिती पुसण्याचे कलम या तीन अटींवर. पहिल्या दोन अटी कंपनीने तोंडी मान्य केल्या आहेत. तिसऱ्या अटीवरचे लेखी उत्तर सभेच्या आठ दिवस आधी यायचे आहे आणि ते आले नाही, तर मी विरोधात मत देणार आहे.